लहान मुलांबरोबर घराबाहेरचे विज्ञान प्रयोग: सावली, मुंग्या, पाऊस आणि माती

चार ते आठ वर्षांच्या मुलांना घेऊन घराबाहेर करता येतील असे प्रयोग इथे नीट, स्टेप बाय स्टेप लिहितेय. अंगण असेल तर उत्तमच, पण सोसायटीचं ग्राउंड, गच्ची, शाळेचं मैदान, गावाकडचं खळं, काहीही चालतं. विकतचं किट अजिबात घेऊ नका. सावली, मुंग्या, पाऊस आणि माती हे चार प्रयोग मोठे आहेत, ते सावकाश करायचे, त्यांच्याकडे दिवसेंदिवस परत परत जायचं, आणि शेवटी काही अर्ध्या तासात उरकणारे देते.

सुरुवात करण्याआधी एकच गोष्ट सांगते आणि ती मला खरंच महत्त्वाची वाटते. आपण मोठी माणसं मुलांना घेऊन बसलो की लगेच "सांग बरं, असं का झालं?" विचारतो. पाच वर्षांच्या मुलाला "का" हा प्रश्न फार अवघड असतो, त्याला उत्तर माहीत नसतं, मग ते मुंगीकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं की आईला कुठलं उत्तर हवंय. त्याऐवजी "आता काय होईल?" आणि "किती?" हे दोन प्रश्न विचारा. यांची उत्तरं समोर जमिनीवर सापडतात, बघून, मोजून, आणि ती शोधायला मोठ्यांची गरज लागत नाही. "का" ची वेळ नंतर येते, आणि बऱ्याचदा मूलच तो प्रश्न घेऊन येतं.

म्हणून प्रत्येक प्रयोगात क्रम एकच ठेवायचा: आधी मुलाने अंदाज सांगायचा, मग त्या अंदाजाची काहीतरी हाताने खूण करायची (खडा ठेवणं, खडूची रेघ, काडी रोवणं), मग करून बघायचं, मग मोजायचं, आणि दुसऱ्या दिवशी परत करायचं. खूण करणं टाळू नका, कारण लहान मुलं निकाल बघितल्यावर "मी हेच म्हणालो होतो" म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसंच आठवतं. खडा जागेवर असला की वाद होत नाही, आणि अंदाज चुकला तर "अरे, हे तर वेगळंच झालं" असं आपणच आनंदाने म्हणायचं.

पिशवीत काय काय ठेवायचं

एक जुनी कापडी पिशवी कायमची तयार ठेवा: रंगीत खडू, ३० सेंटीमीटरची पट्टी, सुतळी, झाकणाची काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची बरणी, भिंग, जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक मिळाला तर तो, चिकटपट्टी, पेन्सिल, कोरी वही आणि टिकल्यांचं एक पाकीट (टिकल्या कशाला ते पुढे येईल). भिंग उन्हात उघडं टाकून कधीच जायचं नाही, वाळलेला पाला पेट घेऊ शकतो. आणि भिंगातून किंवा नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे बघायचं नाही हा नियम पहिल्या दिवशी सांगायचा आणि रोज सांगायचा.

सावली मोजणं

हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग, कारण यात काहीच लागत नाही आणि तो वर्षभर चालतो.

अगदी छोट्यांसाठी, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी असं करा. सकाळी नऊच्या सुमाराला मुलाला मोकळ्या फरशीवर किंवा डांबरी जागेवर उभं करा, दोन्ही पावलांभोवती खडूने रेघ मारा, मग त्याच्या सावलीची आउटलाइन काढा. आता विचारा, तासाभराने याच पावलांच्या खुणेवर उभा राहिलास तर सावली कुठे पडेल? मूल बहुतेक वेळा आहे तीच आउटलाइन दाखवतं, तिथे एक खडा ठेवा. तासाने परत या, त्याच पावलांत पाय ठेवायला सांगा, दुसऱ्या रंगाच्या खडूने आउटलाइन काढा. सावली सरकलेली असते आणि आखूडही झालेली असते, आणि हे बघून मुलं जे काही बोलतात ते वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.

सहाच्या पुढच्या मुलांबरोबर काठी लावा. साधारण ३० सेंटीमीटरची सरळ काठी घ्या, वाळू किंवा माती भरलेल्या डब्यात ती रोवा आणि सरळ उभी आहे की नाही ते ओळंब्याने तपासा, म्हणजे सुतळीला खडा बांधून काठीशेजारी धरायचा, सुतळी आणि काठी दोन बाजूंनी समांतर दिसली की झालं. डबा दिवसभर हलवायचा नाही, म्हणून डब्याभोवती पण खडूने गोल करून ठेवा. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत दर तासाला सावलीच्या टोकावर खूण करायची आणि शेजारी वेळ लिहायची. सगळ्या वेळी मुलं नसली तरी चालतं, शाळा-झोप-जेवण बघून पाच-सहा खुणा झाल्या तरी पुरे.

दुपारच्या आसपास मात्र दर दहा मिनिटांनी खूण करा, कारण इथे गंमत आहे. मुलांना (आणि मोठ्यांनाही) वाटतं की सगळ्यात आखूड सावली बरोबर बाराला पडेल. पुण्या-मुंबईत तसं होत नाही, ती साधारण साडेबाराच्या आसपास पडते. कारण आपल्या घड्याळाची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरलीये, जो मिर्झापूरजवळून जातो, आणि महाराष्ट्र त्याच्या बराच पश्चिमेला आहे. एका अंशाला ४ मिनिटं असा हिशोब, मुंबई ७३ अंशाच्या जवळ, म्हणजे सूर्य डोक्यावर यायला साधारण ३८ मिनिटं उशीर, त्यात वर्षभरात काही मिनिटं इकडेतिकडे होतात. नागपूर पूर्वेला असल्यामुळे तिथला फरक बराच कमी. नागपूरला मामा किंवा आत्या असेल तर दोन्हीकडच्या पोरांनी एकाच दिवशी काठी लावून फोनवर वेळा सांगा, हे करून बघाच.

मग शून्य सावलीचा दिवस. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच गडप होते. तारखा गावाच्या अक्षांशावर ठरतात: कोल्हापूरला ६-७ मेच्या आसपास, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, छत्रपती संभाजीनगरला १९ मे, नागपूरला २६ मेच्या आसपास. दुसरी वेळ जुलै-ऑगस्टमध्ये येते, मुंबईत २७-२८ जुलैला वगैरे, पण तेव्हा ढगच असतात त्यामुळे मेची संधी सोडू नका. एक दिवस मागेपुढे झाला तरी सावली इतकी बारीक असते की छोट्यांना फरक कळत नाही. त्या दिवशी स्टीलचा सरळ कडांचा पेला उपडा ठेवा, पाण्याची भरलेली बाटली ठेवा, मुलांना स्वतःला उडी मारायला सांगा, हवेत असताना खाली सावली दिसते आणि खाली आल्यावर पायाशी गोळा होते. मेमधलं दुपारचं ऊन आहे, त्यामुळे टोपी, चप्पल, पाणी, आणि वीस मिनिटांच्या आत घरात. पुण्या-मुंबईत साडेबाराच्या दहा मिनिटं आधी बाहेर पडलं की वेळ बरोबर जुळते.

त्याच काठीची सावली डिसेंबरमध्ये, २२ तारखेच्या आसपास, परत भरदुपारी मोजा. पुण्यात ३० सेंटीमीटरच्या काठीची सावली तेव्हा दुपारीसुद्धा साधारण २७ सेंटीमीटर पडते, म्हणजे जवळजवळ काठीएवढीच. मेमध्ये शून्य आणि डिसेंबरमध्ये २७, हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी आले की थंडी आणि उन्हाळ्याबद्दल मूल स्वतःहून प्रश्न विचारायला लागतं.

मुंग्यांची रांग

यासाठी त्या छोट्या काळ्या, भराभर धावणाऱ्या मुंग्या निवडा. लाल मुंग्या, मुंगळे आणि आंब्या-काजूच्या झाडावर पानं जोडून घरं करणारे ओंबील यांच्या वाटेला जायचं नाही, ते कडकडून चावतात. मुंगी चिरडायची नाही, पाणी ओतायचं नाही, वारुळात काडी घालायची नाही, हेही आधी ठरवून घ्या. मुलं हे फार मनापासून पाळतात, फक्त आधी सांगायला हवं.

पहिला भाग खाण्याचा. चार झाकणं किंवा चार सारखी पानं घ्या. एकावर साखरेचं पाणी, दुसऱ्यावर मिठाचं पाणी, तिसऱ्यावर शेंगदाण्याचं कूट, चौथ्यावर साधं पाणी. प्रत्येक गोष्ट सारखीच, म्हणजे चमच्याच्या टोकावर मावेल एवढी. चारही पानं रांगेपासून सारख्याच अंतरावर, वीतभर लांब ठेवायची, आणि ही वीत मुलालाच मोजू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा विज्ञानातला सगळ्यात मोठा नियम इथे असाच शिकवता येतो, "सगळं सारखं ठेवलं ना? फक्त खाऊ वेगळा ना?" एवढंच विचारायचं.

मग प्रत्येकाने आपल्या अंदाजाच्या पानाशेजारी आपला खडा ठेवायचा. आणि मग थांबायचं. हे थांबणंच मुलांना अवघड जातं, त्यामुळे मधल्या वेळात भिंगातून मुंग्या दाखवा, दोन मुंग्या समोरासमोर आल्या की थांबून मिशांनी एकमेकींना चाचपतात ते दाखवा, कुठली मुंगी काय उचलून नेतेय ते बघा. दर पाच मिनिटांनी प्रत्येक पानावरच्या मुंग्या मोजा. वीसच्या पुढे मोजणं जमत नसेल तर "थोड्या, बऱ्याच, खूप" असं लिहिलं तरी चालेल.

आता तुम्हाला वाटेल साखर जिंकणार. कधी जिंकते, कधी कूट जिंकतं. वारुळात अळ्या वाढत असतील तर त्यांना प्रथिनं लागतात, मग मुंग्या गोड सोडून दाण्याकडे वळतात, आणि जातीजातीप्रमाणे आवडही बदलते. म्हणून दुसऱ्या जागी, दुसऱ्या महिन्यात परत करायचं. निकाल वेगळा आला म्हणजे प्रयोग बिघडला नाही, हे मुलाला या वयात कळलं तर फार मोठी गोष्ट आहे, कारण पुढे शाळेत "अपेक्षित निष्कर्ष" आधी लिहून मग प्रयोग करायची सवय लागते आणि मला ते बघून मनापासून वाईट वाटतं.

दुसरा भाग वाटेचा. रांग चालू असताना मध्ये एका जागी ओल्या बोटाने जमिनीवर आडवी रेघ पुसून काढा, मुंग्यांना न चिरडता, गॅप मिळाली की. मुंग्या तिथे येऊन थबकतात, मागे फिरतात, गोल गोल हिंडतात, आणि काही वेळाने एखादी पलीकडे पोचते की हळूहळू रांग परत जुळते. मुंग्या चालताना जमिनीवर वासाची खूण सोडतात आणि मागच्या त्याच वासावर चालतात, आपण ती खूण पुसली. पण हे लगेच सांगू नका. आधी विचारा, "किती वेळाने परत जुळेल?" आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा.

तिसरा भाग थोडा मोठ्यांसाठी. रांगेच्या वाटेत पोस्टकार्डाएवढा कागद ठेवा, वर चार बाजूंना खडे ठेवा म्हणजे उडणार नाही. अर्ध्या-पाऊण तासात मुंग्या कागदावरून चालायला लागतात. रांग छान जमली की खडे काढून कागद जागेवरच हळूच काटकोनात फिरवा. आता जुनी वासाची वाट भलतीकडे गेलेली असते, आणि बऱ्याच मुंग्या कागदावर त्या फिरलेल्या वाटेने जाऊन कडेला गोंधळतात. हे बघितल्यावर "का" हा प्रश्न तुम्हाला विचारावाच लागत नाही.

पाऊस मोजणं

जून लागायच्या आधी पर्जन्यमापक बनवून ठेवा. दोन लिटरची, सरळ भिंतींची कोल्ड्रिंकची बाटली घ्या. मानेखाली जिथे बाटली पूर्ण रुंद होते तिथे मोठ्या माणसाने कापायची, कापलेल्या कडांना चिकटपट्टी लावायची. वरचा तुकडा झाकण काढून उलटा आत बसवायचा, तो फनेल झाला. बाटलीचा तळ खडबडीत असतो म्हणून आत खडे घाला, वजनही येतं आणि वाऱ्याने पडत नाही, मग बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी ओता. त्या पातळीला शून्य. तिथून वर पट्टी चिकटवा किंवा कागदाच्या पट्टीवर मिलिमीटर आखून वरून पारदर्शक टेप मारा. फनेलचं तोंड आणि बाटली एकाच रुंदीची असली की बाटलीत जितके मिलिमीटर पाणी चढतं तितकाच पाऊस, वेगळं गणित नको. बाटलीला मधे कंबर असेल तर ती घेऊ नका.

ठेवायची जागा महत्त्वाची. झाडाखाली नाही, पागोळ्या पडतात तिथे नाही, गॅलरीत तर नाहीच कारण वरचं छत असतं. भिंत किंवा झाड जेवढं उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. सोसायटीची गच्ची बरी पडते, फक्त टाकीपासून लांब, आणि गच्चीवर मूल एकटं जाणार नाही हे बघा.

रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान खात्याची चोवीस तासांच्या पावसाची नोंदही सकाळी साडेआठचीच असते. शाळा लवकर असेल तर तुमची वेळ वेगळी ठेवा, पण रोज तीच ठेवा. वाचून झालं की पाणी शून्याच्या रेघेपर्यंत परत आणायचं. आणि इथे टिकल्या लागतात: वहीत तारखा आडव्या लिहा आणि दर ५ मिलिमीटरला एक टिकली, एकावर एक उभी लावत जा. लिहिता न येणाऱ्या मुलालाही महिन्याभरात पावसाचा ग्राफ बनवता येतो आणि कुठल्या आठवड्यात धो धो पडला ते लांबून दिसतं.

आपल्या बाटलीचा आकडा आणि बातमीतला आकडा जुळला नाही की मुलं खट्टू होतात. त्यांना सांगा की पाऊस सगळीकडे सारखा पडतच नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला साधारण ७४. ९४४ मिलिमीटर म्हणजे किती ते पट्टीने भिंतीवर मोजून दाखवा, सहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यापर्यंत येतं. मुलं त्या खुणेशेजारी उभी राहून बघतात आणि आकडा त्यांच्या डोक्यात पक्का बसतो.

आठ वर्षांच्या मुलांना अजून एक हिशोब द्या. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. गच्ची १० मीटर बाय १० मीटरची असेल आणि रात्रीत २० मिलिमीटर पडला तर गच्चीवर २००० लिटर पाणी पडलं. गच्ची मोजायला सुतळी द्या, एक मीटरवर गाठी मारलेली, आणि बाकी सगळं त्यांना करू द्या.

एक इशारा: बाटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. तळाचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, आतून पुसून, नवीन भरा. पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्याच तर भिंगातून दाखवा आणि मग पाणी सुक्या जमिनीवर किंवा उन्हात तापलेल्या फरशीवर ओता, गटारात नको.

मातीची बरणी

सुट्टीत गावाला जाताना हा प्रयोग सोबत ठेवा, कारण वेगवेगळ्या गावची माती लागते. कोकणातली तांबडी, देशावरची किंवा विदर्भातली काळी, नदीकाठची पोयट्याची, आणि शहरात असाल तर बागेतली आणि बांधकामाशेजारची. प्रत्येक ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून वीतभर खालची माती घ्या, ढेकळं फोडा, काड्या-खडे वेचा.

सारख्या आकाराच्या बरण्यांत एक तृतीयांश माती, मग वर दोन बोटं जागा सोडून पाणी, चिमूटभर कपडे धुवायची पावडर. झाकण घट्ट लावून दोन-तीन मिनिटं हलवायचं, मुलांना हेच सगळ्यात आवडतं म्हणून ते त्यांनाच करू द्या आणि झाकण तुम्ही तपासा. मग बरणी अशा जागी ठेवा जिथून ती हलणार नाही. आता अंदाज: खाली आधी काय बसेल, मोठे कण की बारीक? एका मिनिटाने खाली जो थर बसला असेल त्याच्या वरच्या कडेला रेघ, ती वाळू. दोन तासांनी दुसरी रेघ, तो पोयटा. आणि दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्याही नंतर तिसरी, ती चिकणमाती. थर पट्टीने मोजा. वर तरंगणारा काळा कचरा म्हणजे कुजलेली पानं-मुळं, तोही वहीत चितारून ठेवा.

काळ्या मातीचं पाणी दोन-दोन दिवस गढूळच राहतं, मुलं कंटाळतात, तेव्हा सारखीच अजून एक बरणी करून त्यात पाण्यातून तुरटीचा खडा आठ-दहा वेळा फिरवा आणि दोन्ही बरण्या शेजारी ठेवा. तुरटीमुळे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. आजी पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात तुरटी का फिरवायच्या ते घरात कुणाला आठवत असेल तर त्यांना बोलवा आणि सांगू द्या.

याच मातीचा अजून एक, बिनबरणीचा प्रयोग: थोडं पाणी घालून माती मळा, लाडू वळा, मग हातावर शेवई ओढा. वाळूची माती लाडवातच फुटते, पोयट्याची जाड शेवई होते आणि तुटते, काळ्या चिकणमातीची बारीक लांब शेवई होते. ती तशीच उन्हात ठेवून संध्याकाळी बघा कुठल्या मातीला तडा गेला आणि कोण किती आकसलं. काळ्या रानात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा मुलांनी बघितल्या असतील तर त्यांना इथे धागा लगेच सापडतो.

अर्ध्या-एक तासात होणारे

झाडाखालचे गोल कवडसे: दुपारी दाट झाडाखाली जमिनीवर उजेडाचे गोल ठिपके दिसतात. पानांमधली भोकं वेडीवाकडी असूनही ठिपके गोल का, हे कार्डावर करून बघता येतं. जाड कार्डाला ४ मिलिमीटरची तीन भोकं पाडा, एक गोल, एक तिकोनी, एक चौकोनी. सूर्याकडे पाठ करून कार्ड असं धरा की त्यातून गेलेला उजेड निदान दोन मीटर लांबच्या सावलीतल्या भिंतीवर पडेल. तिन्ही ठिपके गोलच दिसतात, साधारण दोन सेंटीमीटरचे, कारण ते भोकाचं नाही, सूर्याचं चित्र असतं. कार्ड भिंतीजवळ नेलं की भोकाचा आकार परत दिसायला लागतो.

पानांचं पाणी: उन्हातल्या पानांच्या फांदीवर पारदर्शक पिशवी चढवून सुतळीने बांधा, शेजारी नुसत्या काडीवर तशीच रिकामी पिशवी बांधा. तास-दोन तासांत पानांच्या पिशवीत आतून थेंब जमतात. रिकामी पिशवी विसरू नका, तिच्याशिवाय "बाहेरून दव आलं असेल" या शंकेला उत्तर नाही.

गोकर्ण आणि जास्वंद: पडलेली फुलं गोळा करून पाकळ्या पांढऱ्या कागदावर जोरात घासा, निळा-जांभळा डाग पडतो. त्यावर कापसाच्या काडीने लिंबाचा रस लावला की गुलाबी, खायच्या सोड्याचं पाणी लावलं की हिरवट. मग मुलं अंगणातलं काहीही त्यावर लावून बघायला लागतात, कैरीचा रस, साबणाचं पाणी, चिंचेचा कोळ, लावू द्या, फक्त बाथरूम क्लीनरला हात नको.

ओलं फडकं: दोन स्टीलचे पेले पाण्याने भरा, एकाला ओलं फडकं गुंडाळा, दुसऱ्याला कोरडं, सावलीत वाऱ्यावर ठेवा आणि तासाभराने बोट बुडवून बघा. मार्च ते मेमध्ये नागपूर, अकोला, जळगावकडे फरक चटकन कळतो, मुंबई-रत्नागिरीकडे दमट हवेत फारसा कळत नाही. दोन्हीकडचं उत्तर बरोबरच आहे. नागपूरला घरोघर कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही तो याच कारणाने.

लोहचुंबक: पिशवीत गुंडाळून नदीच्या किंवा समुद्राच्या वाळूतून फिरवा, काळे कण चिकटतात, पिशवी उलटी केली की सुटतात. गुंडाळलं नाही तर ते चुंबकावरून निघता निघत नाहीत.

तेरडा: पावसाळा सरताना, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, रस्त्याच्या कडेला तेरड्याच्या फुगलेल्या शेंगा असतात, चिमटीत धरली की फाटकन फुटून बिया उडतात. खाली जुनी चादर अंथरा, प्रत्येक मुलाने एकेक शेंग फोडायची आणि सगळ्यात लांबची बी पट्टीने मोजायची. मग त्याच दिवशी म्हातारीचा कापूस आणि कपड्याला चिकटलेला आघाडा गोळा करून विचारा, यातली कुठली बी आईच्या झाडापासून सगळ्यात लांब जाईल? एका दिवसात याचं उत्तर मिळत नाही, चालेल.

काळजी

पावसाळ्यात उंच गवतात मुलांना सोडू नका, साप असतात. दगड उचलायचा झाला तर मोठ्याने, काठीने, आपल्या विरुद्ध बाजूने, खाली विंचू असू शकतो. गाजरगवताने अंगाला खाज येते, खाजकुयलीच्या लवदार शेंगांना तर लांबूनच नमस्कार करायचा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत, त्यामुळे "फूल-पान-बी तोंडात नाही" हा नियम सगळ्या झाडांना. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या घाण पाण्यातून होणारा आजार) धोका असतो. घरात आल्यावर साबणाने हात, नखांसकट.

वर्गातली बरीच मुलं एकदम बाहेर काढायची असतील तर चार-पाचचे गट करा, प्रत्येक गटाला एक सुतळीचं कडं द्या आणि त्या कड्याच्या आतच बघायचं असं सांगा, नाहीतर सगळी एकाच मुंगीवर तुटून पडतात. एक जण मोजेल, एक खूण करेल, एक चितारेल, एक घड्याळ बघेल, आणि पुढच्या वेळी कामं बदलतील. पाऊणतासाच्या वर ताणू नका. मूल मधेच उठून फुलपाखरामागे गेलं तर जाऊ द्या, काठीची सावली तासाभराने तिथेच खूण करायला तयार असते, त्याला तेव्हा हाक मारा.